भिंत विकाऊ नाही

“मालकाला एवढंच माहीत आहे की चेंडू गोल असतो,” निवृत्त मास्तर म्हणाले. “आणि तेही कोणीतरी सांगितलं म्हणून.”

बसचालक खो खो हसला. दाताच्या दवाखान्यातल्या त्या बाकावर दोघांच्या मधोमध क्लबचे मालक स्वतः बसले होते. गाल सुजलेला, त्यावर मफलर, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. नावही खोटंच सांगितलं होतं. दाढ ठणकत होती, तरी त्यांना मजा येत होती.

“भिंत विकून चौतिशीचा स्ट्रायकर आणायचाय म्हणे,” बसचालक म्हणाला. “म्हणजे घराचं छप्पर विकून छत्री घ्यायची.”

भिंत म्हणजे क्लबचा गोलकीपर. लोकांनीच लाडाने ठेवलेलं नाव. मैदानाबाहेर ‘भिंत विकाऊ नाही’ असे फलक लागले होते, आणि ते फलक पाहूनच मालकांनी विकायचं पक्कं केलं होतं. लोकांच्या ओरड्यावर क्लब चालवायचा तर मालक हवा कशाला, हा त्यांचा बाणा. दूरच्या एका श्रीमंत क्लबला आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

“हळू बोला,” मालक मफलरच्या आतून म्हणाले. “भिंतीला कान असतात.”

“आमच्या भिंतीला हात आहेत,” मास्तर म्हणाले. “म्हणून तर इतकी वर्षं तग धरून आहोत.”

तेवढ्यात आतून हाक आली.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि बोलायला फटकळ. मालक टोपी काढायला लागले तर म्हणाल्या, “राहू द्या, दिवा डोळ्यांवर येईल.” त्यांनी मालकांना खुर्चीत आडवं केलं, मफलर हनुवटीखाली सरकवला आणि हिरडीत सुई टोचली.

“बाहेरचं रडगाणं ऐकलंत ना? सगळं शहर भिंतीसाठी गळा काढतंय. मला विचाराल तर विकून टाकावी. आजच्या आज.”

मालकांनी डोळे उघडले. असं म्हणणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

“भिंत कसली, पुठ्ठा आहे नुसता. डावीकडे उंच चेंडू आला की पाय जमिनीला चिकटतात. पेनल्टीच्या आधी कानाची पाळी ओढत बसतो. अंगठा दोनदा मोडलाय, थंडीत धड वळत नाही. आणि झोप? उशाशी ढोल बडवला तरी सकाळी उठायचा नाही.”

हल्ली चाहत्यांना खेळाडूंचं काय काय माहीत असतं, असं मालकांच्या मनात आलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण ओठ जागेवर नव्हते.

“अं,” ते म्हणाले.

“पटतंय ना? मोठा आ करा. आता तो स्ट्रायकर. पाय थकले असतील, पण नाव आहे. जर्सी खपतील. शहाणा मालक पायांकडे बघत नाही, पोस्टरकडे बघतो.”

हेच वाक्य मालक कालच मॅनेजरला म्हणाले होते. दुसऱ्याच्या तोंडून ते फारच बिनडोक वाटलं.

“आणि मुळात हे ध्यान निवडलं कोणी?” बाईंनी चिमटा उचलला. “कुठल्याशा धुळीच्या मैदानावरून उचलून आणलं. निवडणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी असणार.”

मालकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ती निवड त्यांची होती. क्लब हातात आल्यावरची पहिली खरेदी. तो पोरगा धुळीत झेपावताना त्यांना गाडीतून दिसला होता आणि त्यांनी गाडी थांबवली होती. फुटबॉलमधलं त्यांना स्वतःहून कळलेलं ते एकच, आणि त्याचा त्यांना मनापासून अभिमान होता. गेल्या वर्षी क्लब खालच्या गटात घसरता घसरता वाचला, तो त्याच पोराच्या हातांनी. पुठ्ठा म्हणे!

दाढ निघाली. मालक ताडकन उठून बसले. टोपी काढली, मफलर सोडला.

“मी माउक आहे,” ते म्हणाले. “क्लबचा माउक.”

बाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. “अगबाई! माफ करा, मी भलतंच बोलून बसले.”

मालकांनी हात उंचावून त्यांना गप्प केलं आणि मॅनेजरला फोन लावला.

“भिं’ विकायची ना...य.”

“विकायची ना? होय साहेब, कागद तयारच आहेत.”

“ना...य!”

“हो हो, लगेच कळवतो.”

मालकांना घाम फुटला. त्यांनी फोन बाईंच्या हातात कोंबला आणि खुणा केल्या.

“तुमचे साहेब सांगतायत, भिंत विकायची नाही,” बाई पडलेल्या चेहऱ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. “नाही म्हणजे नाही. तो स्ट्रायकरही नको म्हणतायत. भिंतीचाच करार वाढवा.”

शेवटची दोन वाक्यं मालकांनी सांगितली नव्हती, पण त्यांनी जोरजोरात मान डोलावली. मग कापूस दाबलेल्या तोंडाने, बोट नाचवत, बाईंना फुटबॉलमधलं काहीही कळत नसल्याचं त्यांनी ऐकवलं. बाईंनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं.

बातमी पातळ दारातून आधीच बाहेर पोचली होती. मास्तर उठून उभे राहिले होते आणि बसचालक टाळ्या वाजवत होता. क्लब घेतल्यापासून मालकांसाठी वाजलेल्या या पहिल्याच टाळ्या. अख्खं शहर जिंकल्याच्या आनंदात, सुजल्या गालाने हसत, मान ताठ करून ते रस्त्यावर उतरले.

बाईंनी दार लावून घेतलं, हात धुतले आणि घरी फोन केला.

“वहिनी, बांधलेली खोकी सोडा,” त्या म्हणाल्या. “आणि दादाला उठवा आता, उशाशी ढोल बडवा हवं तर.”