वानोळा

धर्मेंद्रनं शेडमध्ये जांभळ्या उजेडाचं यंत्र बसवलं. त्या उजेडानं सालीवरची बुरशी मरते म्हणे, अन् खरंच त्याची संत्री कळमन्याच्या बाजारात पंधरवडाभर टवटवीत राहू लागली. बांधाला बांध लागून असलेल्या मधुकररावांच्या पोटात दुखू लागलं. त्यांचा माल पोचेपर्यंत नरम पडायचा, अन् गाव पाहायला जायचं ते धर्मेंद्रचा दिवा. "संत्र्याचं का लगन आहे, दिवे लावाले?" असं ते चहाच्या ठेल्यावर बोलत.

एका दुपारी शेडमध्ये कोणी नव्हतं. कोपऱ्यात निवडक संत्र्यांची एक पेटी वेगळी काढलेली होती. मधुकररावांनी आपल्या बागेतलं बुरशी धरलेलं संत्रं खिशातून काढलं अन् पेटीच्या तळाशी खुपसलं. एक नासकं सगळी पेटी नासवते, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

मग ते बाजारातून बोभाटा होण्याची वाट पाहत राहिले. पण आठवड्यानं धर्मेंद्र तीच पेटी खांद्यावर घेऊन त्यांच्याच अंगणात आला.

"काका, पहिल्या तोडीचा वानोळा. तुमच्यासाठीच बाजूले काढला होता. तुम्हाले दिव्याचं पटत नव्हतं ना, म्हणून मुद्दाम इतके दिवस ठेवला."

त्यानं पेटी ओसरीवर रिकामी केली. सगळी संत्री आत्ताच झाडावरून उतरवल्यासारखी होती. तळातलं एकच तेवढं हिरवंपांढरं झालेलं. धर्मेंद्रनं ओशाळून ते चटकन उचललं.


"माफ करजा काका, एवढं एक दिव्याखालून सुटलं वाटते."