तिची आवड

दर रविवारी सकाळी चार जॅझवेडे शिंप्याच्या दुकानात जमायचे. प्रत्येकाने आपली एक जुनी, आवडती रेकॉर्ड आणायची, ती का आवडते ते सांगायचं आणि मगच लावायची, असा त्यांचा नेम. त्यातला घड्याळजी वारला. महिन्याभराने त्याची बायको त्याच्या रेकॉर्ड्सचं खोकं घेऊन आली.

"हे तुम्हीच ठेवा. आता घरी कोण ऐकणार?"

"असं काय म्हणता, वहिनी!" शिंपी म्हणाला. "तो दर वेळी एकच सांगायचा, ही माझी नाही, आमच्या हिची आवड. आम्ही चिडवायचो, लेका, कानसुद्धा बायकोच्या नावावर केलेस की काय! आज तुम्हीच निवडा, तुमच्या हातानं."

घरात ट्रम्पेट वाजू लागलं, की "बंद करा ती पिपाणी" म्हणत तिनं तीस वर्षं मधलं दार लावून घेतलं होतं.

तिनं खोक्यातल्या रेकॉर्ड्स एकेक करून चाळल्या. एकही ओळखीची वाटेना. शेवटी एक बाहेर काढली.

"ही. ही माझी सगळ्यात आवडती," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच ऐकायला बसली.