मोकळा टीव्ही

निनाद हॉलमध्ये टीव्हीवर फुटबॉलचा गेम खेळायचा, तेव्हा शेजारी बसून आप्पा ओरडायचे, "अरे, पास दे की!" आई गेल्यापासून बापलेकांचं बोलणं तेवढंच उरलं होतं.

एक दिवस निनाद हातात धरायचा छोटा स्क्रीन घेऊन आला. "गेमचा कन्सोल इथेच चालू राहील, त्यावरचाच गेम मी खोलीत वायफायने यावर खेळेन. टीव्ही तुम्हाला मोकळा!"

"मी कुठे मागितला होता?" आप्पा म्हणाले; पण तोवर खोलीचं दार लागलं होतं.

महिनाभर त्यांनी एकट्याने बातम्या पाहिल्या. मग एका रविवारी त्यांनी मुद्दाम कन्सोल बंद केला. खेळ अर्ध्यात तुटला तसा निनाद बाहेर आला. आप्पांनी सरकून सोफ्यावर जागा केली.

"आप्पा, याला हात लावत जाऊ नका," म्हणत त्याने वायरी काढल्या आणि कन्सोल उचलून खोलीत नेला.