झडतीची साक्षीदार

माझी मुलगी इलुश लग्न होऊन गेली त्या वर्षी, १९५२मध्ये, बुडापेस्टच्या आमच्या इमारतीत पोलीस विदोर मास्तरांकडे झडतीला आले. राखणदारीण म्हणून मला साक्षीदार केलं. मास्तरांच्या स्वतःच्या लेखनावर बंदी होती. पोटासाठी ते भाषांतरं करत. मला उतारवयात अक्षरं त्यांनीच शिकवली. टाइपरायटरवरचा कागद दाखवत अधिकाऱ्यानं विचारलं, "हे काय?" "रशियन कादंबरीचं भाषांतर," मास्तर म्हणाले. तो माझ्याकडे वळला. "मावशी, सही येते की अंगठाच?" मला झोंबलं. मी कागद ओढून मोठ्यानं वाचला: "फाटकाची किल्ली सांभाळणारी तेरका पन्नाशीत वाचायला शिकली." "अगंबाई, ही तर मीच!" मी हरखले. मास्तरांनी डोळे मिटले. अधिकारी हसला. "रशियन कादंबरीत तेरका मावशी कशी हो शिरली?" आजही पुस्तक उघडलं की तीच ओळ दिसते. विदोर मास्तर १९५३च्या मार्चमध्ये तुरुंगात वारले.