ताडपत्रीची लाट

त्सुनामी आली की टेकडीकडे पळायचं, हे शिकवायला आम्ही एफाटे बेटाच्या किनाऱ्यावर नाटक करतो. निळ्या ताडपत्रीला रिकाम्या बाटल्या बांधल्या की झाली लाट. कालो आणि मी ती डोक्यावर घेऊन गावकऱ्यांच्या मागे धावतो. आतून बाहेरचं काही दिसत नाही. सगळे किंचाळत पळतात, लेईसावी आजी तेवढी बसून राहते. "फाटक्या ताडपत्रीला कोण भितंय!"

आज मात्र तिचा आवाज कापत होता. "पोरांनो, टाका ती ताडपत्री! पळा!"

"म्हातारी आज भलतीच रंगलीय," कालो हसला. मला हसू येईना, तरी बाटल्या खडखडवत धावलो. समुद्रापासून लांब, पार चर्चच्या दारापर्यंत पोचलो.



तिथे माझ्या घोट्यांना पाणी लागलं.