सव्वीस गुणसूत्रं

वाटी रिकामी होती आणि शेळी ओठ चाटत उभी होती.

"अम्मी, यहाँ की सरकी?"

"बकरी को डाली," अम्मी कणीक मळता मळता म्हणाली. "तूनेच भिगाके रखी थी ना? मैं बोली, चलो, बेटी को अक्कल आई."

गुलनाज मटकन खाली बसली. भिजवलेली सरकी म्हणजे शेळीची, हे या घरात कुणी कुणाला सांगत नाही. वेगळं होतं तर तिनंच सांगायचं. पण दहावीतल्या पोरीला सगळ्यांना चकित करायचं होतं ना.

अकराच बिया. वरवट बकाल गावभर पाकिटातली बीटी कपाशी पसरली, तरी शेजारच्या पुंजाजीआबांनी परसात देशी कापसाची दोन झाडं राखली होती. औंदा तीही वाळली, या बिया उरल्या. कॉलेजातल्या जयमाला मॅडम बियांना मुळं फुटली की ती सूक्ष्मदर्शकाखाली धरून गुणसूत्रं मोजायच्या आणि आकडा, बी देणाऱ्याच्या नावासकट, इंटरनेटवरच्या खुल्या यादीत टाकायच्या. जगातल्या कुठल्याही संशोधकानं यावं, फुकट बघावं.

"अर्ध्या राहू दे माह्यापाशी," आबा म्हणाले होते.

"मोजायचं काम हाये आबा, सगळ्याच लागतात. मोजून झालं की देईन वापस," तिनं ठणकावलं होतं. मॅडमनी मात्र पाचच मागितल्या होत्या.

दारात खाकरण्याचा आवाज आला. आबा. अंगात धुतलेला सदरा.

"काय मंग मास्तरीणबाई, निंघाला का आकडा?"

गुलनाज उठली. खरं सांगायला तोंड उघडलं, पण देशी कापसाचा पुस्तकातला आकडा जिभेवर आयताच बसला होता.

"सव्वीस."

"सव्वीस," आबांनी तो सावकाश म्हणून पाह्यला. "आन् माह्यं नाव टाकलं का तिथं?"

"हाव."

"त्या पाकिटवालीचे किती असतात?"

"बावन्न."

"तरीच तिले एवढं खत लागते." आबा स्वतःच्याच बोलण्यावर खूप वेळ हसत राहिले. अम्मीपण हसली. गुलनाजनं हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

मग आबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं पसरला.

"आण आता माह्यं बी. वावराच्या धुऱ्यावर ते लावाले आळी खंदून आलो मी."