काडेपेटीतलं बाळ

१९५८ सालच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईने काडेपेटी उघडली, तर ती रिकामी निघाली.

काडेपेटीत बाळ असायचं. बोटाच्या पेराएवढं, लाकडाचं. बाबा सुतार होते. दारांच्या चौकटी करताना उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी येशूजन्माचा सगळा देखावा कोरला होता. मरिया, योसेफ, मेंढपाळ, एक गाय आणि एक गाढव, जे आजीच्या मते कुत्र्यासारखं दिसायचं. डिसेंबरात दर रविवारी जेवणं झाली की आई भांडी आवरून टेबल पुसायची, एकेक बाहुली मांडायची आणि मुलांना गोष्ट सांगायची. बाळ मात्र शेवटपर्यंत शिलाई मशीनच्या खणात. "अजून जन्मला नाही तो," ती म्हणायची. "जन्माआधी कसा दाखवायचा?" तोवर गव्हाण रिकामी.

त्या वर्षी तिने गोष्ट सांगावी अशी कुणाची अपेक्षा नव्हती. ऑक्टोबरात ती दवाखान्यातून मोकळ्या हातांनी घरी आली होती. दूध मात्र आलं. ते आटेपर्यंत आजीने जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून तिची छाती घट्ट बांधून ठेवली. बाबांनी नवा पाळणा उचलून कारखान्यात नेला. त्याच्या फळ्यांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. मुलांना जे सांगायचं ते आजीने सांगितलं. "बाळाला देवाने नेलं." विषय तिथेच मिटला. आई मशीनवर बसायची आणि शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवायची. पायाखाली मशीन चालू असलं की कुणी तिच्याशी बोलत नसे, आणि ती ते बंदच करत नसे.

पण डिसेंबर लागला तशी आजी म्हणाली, "सूनबाई, सण कशासाठी असतो हे पोरांना कोण शिकवणार? यांना वाटायचं, केक खाण्यासाठी असतो."

आई उठली. तिने बाहुल्या काढल्या. गोष्टही सांगितली, पण पाठ केलेला धडा म्हणावा तशी. "देवाचं आपल्यावर फार प्रेम. म्हणून त्याने बाळ दिलं." थोरल्याला सगळं येत होतं. आई अडली की तो तिचं वाक्य पुरं करायचा. धाकटी चार वर्षांची. एका जागी कधी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. त्या डिसेंबरात भिंगरी जागची हलली नाही. गाल हातांवर टेकून ती नुसती मरियेकडे बघत बसायची.

आणि आता काडेपेटी रिकामी होती. चर्चला निघायची वेळ झालेली.

"उंदराने नेलं असणार," आजी म्हणाली.

"उंदीर जाताना काडेपेटी बंद करून जातो होय?" थोरला म्हणाला.

"तू फार शहाणा. टेबलाखाली बघ."

बाबा दिवा घेऊन वाकले. भिंगरी खुर्चीवरून उतरली नाही. आईने तिच्याकडे पाहिलं.

"तू घेतलंस?"

"हो."

"कुठे आहे?"

"लपवलंय." भिंगरीने मरियेकडे बोट दाखवलं. "देवाने आपलं बाळ नेलं आणि हिला दिलं. आधी आपलं परत दे म्हणावं त्याला. मग मी हे देते."

आजीने कपाळाला हात लावला. "काय बोलते ही पोर! क्षमा माग आधी प्रभूची."

"वेडी कुठली," थोरला म्हणाला. "ते येशूबाळ. आपलं वेगळं होतं."

"तू बघितलंस आपलं?"

थोरल्याने बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. त्रास होईल म्हणून दवाखान्यात आईलाही दाखवलं नव्हतं.

"समजावून सांग तिला," बाबा हलकेच म्हणाले.

आईला उत्तर येत होतं. लहानपणी तिच्या आईने तिला ते शिकवलं होतं, आणि महिनाभर हा सगळा संसार टेबलावर मांडला होता तो त्या उत्तरासाठीच. पण ती भिंगरीसमोर खाली बसली. लेकीच्या बुटाचा पट्टा सुटला होता तो लावला आणि तिच्या कानाशी वाकली.

"नीट लपव," ती म्हणाली. "आजीला सापडेल अशा जागी नको."

मग सगळे चर्चला गेले. आईने गाणीही म्हटली.

आजी पुढच्या उन्हाळ्यात गेली. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. बाबांनी दुसऱ्या वर्षी नवं बाळ कोरलं, पहिल्यापेक्षा सुबक, मिटल्या पापण्यांचं. आईने ते पाहिलं, छान झालंय म्हणाली आणि त्यांच्या हातात परत ठेवलं. त्यानंतर त्यांनी चौकटींशिवाय काही केलं नाही. थोरला चर्चचा पाळक झाला. एखाद्या घरचं मूल गेलं की तो तिथे जाऊन बसतो, आणि बहुतेक वेळ काहीच बोलत नाही. भिंगरी बाळ कुठे लपवलं ते काही महिन्यांत विसरली. मग लपवलं होतं हेही विसरली. लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. ती त्यांना नाताळची गोष्ट सांगते, अथपासून इतिपर्यंत, हसतखेळत.

आई ऐंशीच्या पुढे जगली. एकही रविवार तिने चुकवला नाही. दर डिसेंबरात टेबल पुसून बाहुल्या मांडायची, मध्ये रिकामी गव्हाण. शेजाऱ्यांना वाटायचं, यांच्या घरची काही जुनी रीत असेल.

शेवटच्या नाताळला आई माणसं ओळखत नव्हती. भिंगरीने दुकानातून एक बाळ आणलं होतं. ते गव्हाणीत ठेवायला ती वाकली, तेव्हा आईने तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"आपलं दिलं त्याने परत?" आईने विचारलं.

भिंगरीला काही उमगलं नाही. "कुठलं गं, आई?" ती म्हणाली.